तिच्या कानांसाठी

"तुम्ही रडताय की हसताय?"

माझा एक कान मोकळा होता म्हणून ऐकू आलं. डोळे उघडले तर समोर एक उंच माणूस. हातातली ओली छत्री प्लास्टिकच्या पिशवीत घालायची त्याची धडपड चालली होती आणि नजर मात्र माझ्यावर.

"दोन्ही," मी म्हटलं. "हा इयरफोनच तसा आहे."

तो माझ्या सुट्टीचा दिवस होता. अकिहाबारातल्या एका अरुंद इमारतीत चौथ्या मजल्यावर आमचं दुकान आहे. लांबलचक टेबलांवर शेकडो इयरफोन मांडलेले असतात. कुणीही यावं, कानात घालावं आणि मन भरेपर्यंत ऐकावं. मी तिथेच नोकरीला आहे. पण सुट्टीच्या दिवशीही माझे पाय तिकडेच वळतात. मासे विकणारी सुट्टीलाही मासळीबाजारातच फिरते, असं दुकानातलीच माझी मैत्रीण कायाको म्हणते.

"मग मला जरा मदत करता का?" तो म्हणाला. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी कॉन्ट्राबास वाजवतो, ते माणसाएवढं मोठं व्हायोलिन. आमचं वाद्य कानात नाही, पोटात ऐकू येतं."

"मग इयरफोन कशाला हवाय?"

"माझ्यासाठी नको. मिझुएसाठी हवाय."

नुसतं नाव. मागे आदराचं 'सान' नाही, पुढे आडनाव नाही. मला त्या माणसाचं नावही ठाऊक नव्हतं, तरी कुठेतरी कुसळ टोचल्यासारखं झालं. वेडीच मी!

त्याचं नाव तोकिएदा शुन्पेई. पियानो, कॉन्ट्राबास आणि गाणारी मिझुए, असं तिघांचं त्रिकूट सहा वर्षं छोट्या छोट्या कॅफेंमधून वाजवत होतं. आता मिझुएला योकोहामाहून निघणाऱ्या एका मोठ्या प्रवासी जहाजावर गायचं काम मिळालं होतं. वर्षभर ती समुद्रावर असणार होती. निरोपाची भेट म्हणून तोकिएदासानना तिला इयरफोन द्यायचा होता.

"त्यांना कसा आवाज आवडतो?" मी विचारलं.

"गाणारी आहे ना ती! गळाच जवळ हवा असणार तिला. नाही का?" मग ते जरा थांबले. "तुम्हाला कसा आवडतो?"

"मला...? गाणारी दोन शब्दांच्या मध्ये श्वास घेते ना, तो ऐकू आला पाहिजे."

मी काही फार मोठी गोष्ट सांगितल्यासारखी त्यांनी मान हलवली.

पुढच्या शनिवारी ते आले तेव्हा मी 'नेगिशी' अशी नावाची पट्टी लावलेला दुकानाचा ॲप्रन घालून उभी होते.

"अहो, तुम्ही इथल्याच!"

"तुम्ही विचारलं कुठे?"

"म्हणजे मी सुट्टीच्या दिवशी तुमच्याकडून फुकट काम करून घेतलं?"

"आज वसूल करते. बसा."

त्यांना खरंच काही कळत नव्हतं. पहिला ऐकला, म्हणाले, "छान." दुसराही छान आणि तिसराही छानच. शेवटी मी म्हटलं, "तोकिएदासान, हा ऐका. यात गाणारी शेजारच्या खोलीत आहे, मधे भिंत आहे. आणि हा... यात ती मासे विकणारीसारखी कानाशी ओरडतेय. फरक नाही कळत?"

"तुम्ही सांगितलंत की कळतो."

"टोपी बरोबर बसली नसेल." इयरफोनच्या टोकाला जी रबरी टोपी असते, ती मापाची नसली की सगळा खालचा सूर बाहेर गळून जातो. मी लहान टोपी काढून मोठी लावली. मग त्यांच्या कानाची पाळी अलगद वर आणि मागे ओढली आणि इयरफोन आत सरकवला. दिवसातून पन्नास जणांना मी असं करते. कधी श्वास रोखला नव्हता...

"नेगिशीसान," ते अगदी हळू म्हणाले, "आता काही तरी वाजवा. मला माझेच ठोके ऐकू येताहेत."

त्यानंतर त्यांनी एक नवीच युक्ती काढली. "आधी तुम्ही ऐका," म्हणायचे. मी इयरफोन घालायची, डोळे मिटायची, आणि उघडले की ते समोर हनुवटीला हात लावून बसलेले असायचे. "हा नाही," माझ्या आधी तेच सांगायचे. "पुढचा."

शनिवारमागून शनिवार असे गेले. आणि प्रत्येक शनिवारी ती आमच्यात येऊन बसायची. थंडीत मिझुएचा घसा बसतो म्हणून हे मधातलं लिंबू बरणीत भरून नेतात. रंगमंचावर जाण्याआधी मिझुएचे हात गार पडतात. मिझुए सोबा नूडल्सच्या दुकानात कांदा जास्त मागते. मी हं हं करायची आणि काचेचं कपाट पुन्हा पुन्हा पुसायची. ज्या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं, तिच्या कानांसाठी मी जगातला सगळ्यात गोड आवाज शोधत होते. आणि हा शोध संपू नये असंही मलाच वाटत होतं!

"कुठे तरी जळतंय का गं?" कायाको नाक वर करून हुंगत म्हणाली. "चांगला करपल्याचा वास येतोय."

"गप्प बस."

"फुमिनो, बाई, त्या कपाटाची काच झिजेल आता."

एका शनिवारी माझ्या हातात एक इयरफोन आला. दिसायला देखणा, पण वरचे सूर असे टोचरे की अर्ध्या तासात डोकं दुखावं. क्षणभर वाटलं, हाच द्यावा. जाऊ दे जहाजावर, दुखू दे डोकं... मग लाज वाटली. तो मी जागेवर ठेवला आणि खालच्या खणातून माझा सगळ्यात लाडका काढला. स्वतःला घ्यायचा म्हणून कधीपासून मनात ठेवलेला.

मी तो कानात घातला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा तोकिएदासान पुढे झुकले होते.

"हाच," ते म्हणाले.

"तुम्ही ऐकलासुद्धा नाहीत!"

"नको. हाच बांधून द्या."

मी बांधून दिला. फीत सुबक बसली पाहिजे म्हणून दोनदा सोडून पुन्हा बांधली. मिझुएसाठी! अंगाचा नुसता तीळपापड होत होता. लिफ्टपाशी ते वळले. "बरं... तर मग..." म्हणाले, आणि दार मिटलं. आता शनिवारी यायला त्यांना काही कारण उरलं नव्हतं.

चार-सहा दिवसांनी दुपारी एक बाई आल्या. आखूड केस, मोठं हसू, बोलताना किंचित फाटणारा आवाज. "जहाजावर गायला कानाच्या मापाचे इयरफोन लागतात म्हणे. कानाचा साचा तुम्हीच घेता ना? मी इवाकी. इवाकी मिझुए."

त्यांच्या पिशवीतून मी बांधलेली फीत डोकावत होती.

वाईट असत्या तर किती बरं झालं असतं! पण नाही... त्यांनी माझ्या गार बोटांना आधी स्वतःच्या तळव्यात धरून ऊब दिली, आणि मगच कान पुढे केला. मी दिव्याने कान तपासले, दोरा लावलेला कापसाचा बोळा आत बसवला. जबडा उघडा राहावा म्हणून दातांमध्ये ठोकळा दिला. मग पिचकारीने गुलाबी लगदा दोन्ही कानांत भरला. तो घट्ट होईपर्यंत माणसाला काही ऐकू येत नाही, आणि ठोकळ्यामुळे बोलताही येत नाही. पडद्याआडच्या त्या छोट्या खोलीत आम्ही दोघीच समोरासमोर.

मला काय झालं कोण जाणे. मी बोलायला लागले.

"तुम्हाला कल्पना आहे का, तुमच्यासाठी तो माणूस किती शनिवार इथे बसला? माझा घसा बसला तर मला लिंबू कोण देतं? कुणी नाही. मी फक्त टोप्या बदलायच्या आणि फिती बांधायच्या. तुमचा इतका हेवा वाटतो मला... इतका, की एकदा मुद्दाम टोचरा इयरफोन देणार होते. आणि आता तुम्ही इतक्या चांगल्या निघालात. म्हणजे नीट रागावताही येत नाही..."

मिझुएसान शांतपणे माझ्याकडे बघत होत्या. लगदा घट्ट झाला. मी दोरा ओढून दोन्ही साचे सोडवले, ठोकळा काढला. त्यांनी जबडा चोळला.

"एक अक्षर ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "पण चेहरा दिसत होता तुमचा. नेगिशीसान तुम्हीच ना? मला वाटलंच होतं."

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"आता माझं ऐका. तुमचे कान मोकळे आहेत, पळवाट नाही." त्यांनी फितीचा डबा टेबलावर ठेवला. "सुंदर आहे हा. गळा असा जवळ, की श्वाससुद्धा ऐकू येतो. पण यात खर्ज कुठे आहे हो?"

"खर्ज?"

"खालचा सूर. सहा वर्षं मी त्याच्या कॉन्ट्राबासला खेटून उभी राहून गायले. पायाखालची फळी थरथरायची, ती थरथर गुडघ्यातून वर यायची, तेव्हा कुठे माझा आवाज फुटायचा. मला दुसरं काय ऐकायचं असणार? माझा गळा तर मी रोजच ऐकते." त्या हसल्या, पण आवाज फाटला. "आणि या बाबाने मला असा इयरफोन दिला की ज्यात त्याचंच वाद्य मागच्या रांगेत लपलंय. मी विचारलं, हा कसा निवडलास रे? तर म्हणतो, दुकानात नेगिशीसान म्हणून आहेत, हा ऐकताना त्यांचा चेहरा पाहायला हवा होतास तू."

मी डब्यावरची फीत उगाच सरळ करू लागले.

"माझ्या घशाची काळजी घेतली त्याने, कानांकडे कधी लक्षच गेलं नाही. आणि तुमचा चेहरा मात्र पाठ! मग सांगा... हेवा कुणी कुणाचा करायचा?"

बाहेर दुकानात कुणी तरी हसलं. मी त्यांचे साचे तळहातावर घेऊन उभी होते, अजून कोमट.

"हा बदलून देऊ का?" शेवटी मी विचारलं.

"छे! त्याने दिलाय, तो मी नेणारच. वापरणार नाही, पण नेणार. मला जो हवाय तो मात्र तुम्ही निवडून द्या. तुमच्या नव्हे हं, माझ्या कानांनी."

मग मी जीव ओतून शोधला. मला कधीच न आवडलेले, खालच्या सुरांचे, जडशीळ इयरफोन एकामागून एक काढले. चौथ्याला त्यांचा हात वर झाला. डोळे मिटलेले. पायाचा अंगठा बुटात हलताना दिसत होता.

"आला," त्या एवढंच म्हणाल्या.

जाताना पडद्यापाशी थांबल्या. "त्याला यातलं काही सांगू नका. खर्जाचं तर नाहीच. रविवारी दुपारी जिम्बोचोला आमचा शेवटचा कार्यक्रम आहे. या. आणि सांगायचंच झालं तर तुमचं तेवढं सांगा. मी सहा वर्षं थांबले, तुम्ही नका थांबू."

रविवारी मी गेले. तळघरातला कॅफे, कॉफीचा वास, माणसं इतकी की मला अगदी पुढे, कॉन्ट्राबासच्या समोरच बसावं लागलं. मिझुएसान गायल्या. गळा सुंदरच होता, पण माझं लक्ष तिथे राहिनाच. माझ्या बाकाच्या फळीतून काही तरी वर येत होतं. संथ, गोल, उबदार... पोटात उतरून तिथेच मुक्काम ठोकणारं. इतकी वर्षं मी ज्याला नुसती धडधड म्हणत आले, ते हे? तोकिएदासान त्या माणसाएवढ्या लाकडाला छातीशी धरून, गाल जवळजवळ टेकवून वाजवत होते. आणि मला पुन्हा जळका वास आला. या वेळी कायाको जवळ नव्हती.

कार्यक्रम संपला. लोक मिझुएसानभोवती गोळा झाले. तोकिएदासान भिंतीपाशी वाद्य सावरत उभे होते. मला पाहून त्यांनी गज दुसऱ्या हातात घेतला.

"आलात! कसं वाटलं?"

"हेवा वाटला."

त्यांचा चेहरा पडला. "मिझुएचा?"

"आधी त्यांचाच वाटायचा. फार. तुम्ही दर शनिवारी येऊन त्यांचं नाव घ्यायचात, आणि मी काच पुसायची."

"अहो, पण मी तर... मला दुसरं काय बोलावं सुचायचंच नाही तुमच्यासमोर! मिझुए, सोबा, लिंबू, जे आठवेल ते बोलत होतो. खरं सांगू? त्या इयरफोनांमधला फरक मला अजूनही कळत नाही. सगळे छानच वाटतात."

"म्हणजे मी इतके शनिवार उगाच घसा कोरडा केला?"

"उगाच कसा? तुम्ही डोळे मिटायचात. तेवढा वेळ मला राजरोस बघता यायचं." ते थांबले. "आता तर मिझुएही चालली. कुणासाठी म्हणून येऊ, तेच कळत नव्हतं. आठवडाभर लिफ्टपर्यंत येऊन परत जातोय."

गर्दीतून मिझुएसानचं हसू ऐकू आलं, जरा जास्तच मोठं. मी वळून पाहिलं. त्या आमच्याकडेच बघत होत्या. त्यांनी हातातला पेला किंचित उंचावला, आणि मग पाठ फिरवून कुणाला तरी जहाजाविषयी सांगू लागल्या.

"नेगिशीसान," तोकिएदासान म्हणाले, "मिझुएचा हेवा आधी वाटायचा म्हणालात. मग आज कुणाचा वाटला?"

मी त्या वाद्याकडे बोट केलं. त्यांचा डावा हात त्याच्या मानेभोवती होता, उजवा त्याच्या खांद्यावर.

"याचा," मी म्हटलं. "दोन तास बघतेय. तुम्ही त्याला एकदाही सोडलं नाहीत."

त्यांनी त्या लाकडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गुडघ्यावर बसले, वाद्य अलगद कुशीवर आडवं केलं, भिंतीकडे सरकवून नीट ठेवलं. आणि मोकळ्या हातांनी माझ्यासमोर उभे राहिले.