नाथाजीचा घास

आकाराम कावळा आणायला निघाला, तेव्हा उसाच्या शेंड्यांवर सकाळची उन्हं आली होती. सायकलच्या मागं कोंबड्या झाकायचं डालगं बांधलेलं, हँडलला भाकरीचं फडकं. वाटेत ज्यानं त्यानं विचारलं, कोंबडी आणायला का? आकारामनं सगळ्यांना हो म्हणून सांगितलं. कावळा आणायला चाललोय म्हणणं काही बरं दिसत नव्हतं.

माणसावर कावळा आणायची वेळ का येते, ते आधी सांगितलं पाहिजे.

आकाराम कृष्णाकाठच्या साखर कारखान्यात कामाला. मोठा दुष्काळ सरून दुसरा हंगाम चालला होता. उसाचा रस मूळचा मळकट हिरवा. साखर पांढरी व्हायची तर त्यातून गंधकाचा धूर सोडावा लागतो. त्यासाठी कारखान्याच्या एका कडेला भट्टी होती. पिवळा गंधक फावड्यानं आत टाकायचा, तो निळ्या जाळानं जळायचा, आणि धूर नळातून रसाच्या टाकीकडं जायचा. जायचा म्हणजे जायला पाहिजे. नळ जागोजाग पिचलेला. निम्मा धूर रसाकडं जायचा, निम्मा नाथाजीच्या छातीत.

नाथाजीनं त्या भट्टीवर उमर काढली. कारखान्याचा डॉक्टर त्याला तांबडं औषध आणि गुळाचा खडा द्यायचा, आणि बिडी सोड म्हणून दम भरायचा. नाथाजीनं बिडी कधी हातात धरली नव्हती. शेवटी डॉक्टरचा शब्द राहावा म्हणून त्यानं एक बिडी ओढली, आणि सोडली.

त्याचा खोकला साऱ्या कारखान्याला ओळखीचा. आधी कोरडा, तुटक तुटक. मग लांब, खोल विहिरीतून पोहरा ओढावा तसा. आणि शेवटाला ‘हं…’ असा एक उसासा, जसं काही ओझं खाली ठेवलं. ऐन हंगामात एका सकाळी तो उसासा आला तो शेवटचाच.

दहाव्याला नदीवर सगळी जमली. भाताचा पिंड ठेवला, माणसं मागं सरली, आणि कावळ्याची वाट बघत बसली. कावळा येईना. ऊन डोक्यावर आलं तरी येईना. नाथाजीचं मन कशात तरी अडकलंय, असं ठरलं, आणि ज्यानं त्यानं मोकळं व्हायला सुरुवात केली. भाऊ म्हणाला, कोरलेला बांध मागं सरकवतो. शेजाऱ्यानं नेलेलं घमेलं कबूल केलं. मेव्हणा म्हणाला, लग्नात रुसलो होतो ते माझंच चुकलं. एवढी माणसं सुधारली, पण कावळा काही आला नाही.

खरं म्हणजे रुसायला आधी कावळा असायला पाहिजे. कारखान्याच्या अवतीभवती कावळाच नव्हता. धूर सुरू झाल्यापासून कावळे गेले, चिमण्या गेल्या. कामगारांच्या बायका पापड उघड्यावर घालून खुशाल झोपायच्या, आणि पापडाला ही जागा फार चांगली म्हणायच्या. पाखरं कुठं गेली, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

भटजी भला माणूस. त्यानं शास्त्रातली वाट काढली, दर्भाचा कावळा करून शिवू म्हणाला. तेव्हा नाथाजीची बायको बयाबाई पदर खोचून उठली.

“जित्तेपनी माझ्या मालकाला कारखान्यानं चिंधीचा मास्क दिला. आता मेल्यावर गवताचा कावळा देताय व्हय?”

भटजीनं दर्भ पिशवीत घातला.

मग बयाबाई रोज ताजा भात करून नदीवर बसू लागली. गाय आली तर गाईला हाकलायची, कुत्रं आलं तर कुत्र्याला. आणि इकडं कारखान्यात दुसरंच सुरू झालं. रिकाम्या भट्टीघरातून खोकला ऐकू यायला लागला. भर दिवसा, रसाची टाकी धडधडत असताना, नळाच्या पलीकडून… आधी तुटक, मग लांब, मग ‘हं…’. कामगारांनी भट्टी सोडली. गंधक जळेना, आणि साखर निघाली ती तपकिरीसारखी. चेअरमन नानासो पहिल्या दिवशी चिडले, दुसऱ्या दिवशी भ्याले. त्यांनी आकारामला बोलावलं. आकाराम म्हणजे नाथाजीच्या जोडीचा गडी, पोती ओढून देणारा. कावळा आण आणि बाईचं समाधान कर, नाहीतर उद्यापासून भट्टीवर तू, असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

आकारामनं घरी येऊन हे सांगितलं. निजताना कूस बदलली की त्याच्याही छातीत बारीक शिट्टी वाजायची. बायकोला, हरणाबाईला, ती रोज ऐकू यायची. आता तिनं डालगं झाडून दारात ठेवलं.

तर असा आकाराम निघाला. उगवतीकडं सायकल मारत मारत उसाचा पट्टा संपला, माती पांढरी झाली, आणि एका पडीक रानात अर्जुना धनगराची मेंढरं दिसली. मेंढरांच्या पाठीवर कावळे बसलेले, जत्रेला आल्यासारखे. आकारामचा जीव भांड्यात पडला. त्यानं काम सांगितलं. अर्जुनानं ते शांतपणानं ऐकून घेतलं, जसं काही रोज कुणी ना कुणी कावळा मागायला येतंच.

“ह्यातला न्हाई देत,” तो म्हणाला. “त्यो तिकडला घिऊन जावा.”

बाभळीखाली एक कावळा एकटाच बसला होता. पिसं विस्कटलेली, जरा पिवळट. दोन दिवस झाले, मावळतीकडून आला होता. बाकीचे त्याला जवळ येऊ देत नव्हते. अर्जुनानं घोंगडं टाकलं तर तो हललाही नाही. उलट आपण होऊन डालग्यात शिरला, माणूस एसटीत चढावा तसा.

आकारामला ते पटलं नाही, पण फुकटच्या कावळ्याला नावं कुठं ठेवायची. तो निघताना अर्जुना हलक्या आवाजात म्हणाला, “पावनं, एक इचारू? तुमच्याकडली पाखरं… खोकत्यात का वो?”

परतीच्या वाटेला तिन्हीसांज झाली. उसाचा पट्टा पुन्हा लागला. धुरांड्याचा धूर थंडीनं खाली बसून रानावर पसरलेला, मळीचा आंबूस वास आणि, भट्टी बंद असूनही, त्यात गंधकाचा उग्र, नाकाला झोंबणारा. वाटेला कुणी नाही. फक्त सायकलच्या चेनची कुरकुर. आणि मग, मागच्या डालग्यात… कोरडं, तुटक तुटक.

आकारामनं पाय थांबवले. आवाज थांबला. त्यानं पायडल मारलं. पुन्हा सुरू. आता लांब… पोहरा ओढल्यासारखं… आणि मग अगदी त्याच्या पाठीशी, मानेला वारा लागावा असं, ‘हं…’.

“नाथादा…” आकाराम मागं न बघता म्हणाला. “मी आकाराम हाय. मला… मला काय करू नगंस गड्या. न्ह्यायलाच आलोय तुला.”

डालगं गप. मग चोच घासल्याचा आवाज.

पुढं फाट्यावर चहाची टपरी होती. उजेड बघून आकाराम तिथं टेकला. सायकल कडेला लावली, डालग्यावर फडकं टाकलं. कप तोंडाला लावतोय तोवर मागं खोकल्याची उबळ आली. टपरीवाला कळवळला. लवंगेचं तेल लाव म्हणाला, गरम पाण्यात हळद घे म्हणाला, आणि कारखान्यातली माणसं अशीच जात्यात, असंही बोलून गेला. आकारामनं सगळ्याला मान डोलावली. माझ्या कावळ्याला खोकला आहे, असं सांगायचं धाडस त्याला झालं नाही.

सकाळी नदीवर साऱ्या कारखान्याची माणसं लोटली. नानासो आले, कारखान्याचे केमिस्ट साहेब आले. बयाबाईनं वाफाळता भात पानावर ठेवला. आकारामनं डालगं उचललं आणि मागं सरला.

कावळा उडाला नाही. पिसं झाडून तो वाळूत चालायला लागला, सावकाश, तपासणीला आलेल्या साहेबासारखा. पिंडाजवळ गेला आणि थांबला. एकेकाच्या तोंडाकडं बघत गेला, आणि केमिस्ट साहेबांच्या समोर येऊन खोकला. आधी तुटक, मग लांब, मग ‘हं…’.

बयाबाईनं तोंडाला पदर लावला.

“काय कबूल करायचं ते करा की आता,” ती नानासोंकडं बघून म्हणाली. “सगळ्यांनी मन मोकळं केलंय. तुमीच ऱ्हायलाय.”

नानासोंनी टोपी सारखी केली. भट्टीचा नळ नवा बसवतो म्हणाले. कावळा एक पाऊल पुढं आला. लोकांत कुजबुज झाली. केमिस्ट साहेब सवयीनं म्हणाले, पुढच्या हंगामात. कावळा दोन पावलं मागं गेला.

“गप ऱ्हावा वो सायब,” नानासो दातओठ खाऊन बोलले, आणि कावळ्याकडं वळून अदबीनं म्हणाले, “ह्याच महिन्यात.”

कावळा पुढं आला. मग चांगल्या रबरी मास्कचं झालं, आणखी एक पाऊल. छातीचा फोटो काढायला सगळ्यांना सांगलीला न्यायचं कबूल झालं, आणखी एक. मागून कुणीतरी दबक्या आवाजात बोनसचं काढलं, तर कावळ्यानं पंखात मान घातली. आकारामनं त्या माणसाच्या पायावर पाय दिला.

कावळा आता पिंडापासून वीतभर होता आणि तिथंच अडला. नानासोंकडचं देणं-घेणं संपलं होतं. त्यांनी भटजीकडं बघितलं, भटजीनं आभाळाकडं. तेव्हा बयाबाईच पुढं झाली. तिचा आवाज आता मऊ होता.

“एकदा… तुमी सोता तितं जाऊन हुबं ऱ्हावा. भट्टी चालू असताना. एवढ्या सालात त्यास्नी वाटायचं, एकदा तरी कुनी येऊन बघावं.”

नानासोंनी टोपी काढून हातात धरली. आकाराम कावळ्याकडं बघत होता. तो कावळा शिवला नाही तर उद्या भट्टीपुढं कोण, हे त्याला पक्कं माहीत होतं.

“ऱ्हातो,” नानासो म्हणाले.

कावळा शिवला. एक शीत नाही, चांगला घास घेतला. मग उडाला, तो झाडाकडं नाही, नदीपल्याड नाही, तर सरळ कारखान्याच्या धुरांड्याकडं. धुरात शिरलेला सगळ्यांनी पाहिला. बाहेर पडलेला कुणी पाहिला नाही. पण पिंडाला कावळा शिवला होता; बयाबाई ढसाढसा रडली, आणि बाकीच्यांनी सुटकेचा श्वास टाकून बुंदी खाल्ली.

नानासोंनी शब्द पाळला. नवा नळ आला, मास्क आले. खोकला ऐकू यायचा बंद झाला. आकाराम आपण होऊन भट्टीवर उभा राहिला. हवा अशी स्वच्छ की बायको म्हणाली, तुमच्या सदऱ्याला आता नुसता घामाचा वास येतो. मग एका दुपारी नानासो आले, उभं राहायचं कबूल केलेलं फेडायला. तोंडाला मास्क, वर टॉवेल, मागं केमिस्ट साहेब. निळा जाळ बघून म्हणाले, बरं हाय की. लोक म्हणत्यात तेवढं काय न्हाई.

तोच नळाच्या पलीकडून आवाज आला. कोरडा… तुटक तुटक.

सगळ्यांनी तो ओळखला. आकारामनं फावडं टाकलं, चेअरमनचा हात धरला आणि दाराकडं धावला. कामगार धावले, साहेब सगळ्यांच्या पुढं धावले. शेवटचा माणूस उंबऱ्याबाहेर पडला आणि मागं नव्या नळाचा जोड फाटकन सुटला. धुराचा लोट आत भरला, भिंत दिसेना. नळाचं चाक आत होतं. ते फिरवून बंद केल्याशिवाय धूर थांबणार नव्हता, आणि फिरवायला दोन गडी लागायचे. आत जाणार कोण?

आकाराम गोणपाट पाण्यात भिजवायला लागला. भिजवून होईतो धूर विरळ झाला. मग थांबला.

आत जाऊन बघितलं तर चाक घट्ट बंद होतं. नानासोंनी बाहेरची माणसं पुन्हा पुन्हा मोजली. सगळी होती. चाकावर गंधकाची पिवळी धूळ बसलेली, आणि त्या धुळीत एका कावळ्याच्या पायाचे ठसे.

नानासोंनी त्याला बाजूला घेतलं. “आकाराम… त्या दिशी शिवला हुता न्हवं रं?”

“शिवला की. सगळ्यांच्या म्होरं.”

“मग… सुटला असंल न्हवं त्यो?”

बयाबाईचं कुठं आता जरा बरं चाललं होतं. ती रात्री झोपायला लागली होती. आकारामनं सदऱ्याच्या बाहीनं ते ठसे पुसून टाकले, आणि हे बाहेर बोलायचं नाही, असं चेअरमनला प्रथमच दरडावून सांगितलं. नानासोंनी शाळेतल्या पोरासारखी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आकाराम पाळीला आला, तेव्हा चाकावर पुन्हा ठसे उमटले होते. त्यानं पुसायला बाही पुढं केली, आणि त्याच्या छातीतली बारीक शिट्टी वाजली.

ठसे आता दोन कावळ्यांचे होते.