वजनाचा रकाना

मला राग आला की समोर कोण उभं आहे ते दिसत नाही. त्या सकाळीही दिसलं नाही. लिफ्टमध्ये एक अनोळखी माणूस होता, आणि मी फोनवर आईला सांगत होते, "डेटाबेसवाल्या कुठल्या तरी गाढवानं वजनाचा रकाना हलवलाय. न विचारता!"

आम्ही जनावरांच्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर बनवत होतो. डॉक्टर कुत्र्याचं नाव टाकणार, त्याच्या वजनावरून औषधाचा डोस दिसणार. आता माझ्या एकोणीस स्क्रीन बंद पडल्या होत्या.

लिफ्टचं दार उघडलं. "ते गाढव मीच," तो म्हणाला. "रकाना कुठे ठेवलाय, दाखवू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात त्याचे डोळे हसरे... त्याचा तर जास्तच राग आला.

सगळी माहिती त्याच्या ताब्यात, म्हणून ऑफिसात त्याला कोठीवाले म्हणत. स्क्रीन दुरुस्त होईपर्यंत म्हणून त्याची खुर्ची माझ्या शेजारी आली आणि दीड महिना आम्ही भांडलो. चूक माझीही होती, पण ते मी कशाला सांगते! आपलं वजन कुठल्या रकान्यात ठेवलंय, हे माझ्या कोडमधल्या कुत्र्याला तोंडपाठ होतं. रकाना हलला की कुत्रा आडवा. मी म्हटलं, कुत्र्याला फक्त डोसाचे नियम कळू देत. ठेवण्या-आणण्याचं काम मधलं वेगळं कोड करेल. मग तू हवं ते हलव, माझ्या कुत्र्याला पत्ताही लागणार नाही.

"म्हणजे तुला माझ्याशी बोलावंच लागणार नाही."

"तेच तर हवंय."

"बरं..." म्हणत त्याने पेन्सिल कानामागे खोचली, आणि त्या मधल्या कोडचा आपला वाटा माझ्याआधी लिहून मोकळा झाला. मी आभार मानले नाहीत.

कुत्र्याचं आता खरंच अडत नाही ना, हे बघायला शुक्रवारी त्याने डेटाबेसच बंद केला आणि मी कुत्र्याच्या चाचण्या चालवल्या. दोनशे बाराच्या दोनशे बारा पास! आनंदाने मी त्याचा दंड धरला — आणि सोडायचा विसरले.

तेवढ्यात मॅनेजरबाई आल्या. म्हणाल्या, छान, आता तुम्ही शेजारी बसायची गरज नाही. सोमवारपासून हा नदीपलीकडच्या ऑफिसात. करायला गेले एक आणि झालं भलतंच. आणि हा शहाणा मान डोलावून सामान आवरायला लागला!

मी त्याला लिफ्टपाशी गाठलं.

"बाईंना होकार का दिलास?"

"तुलाच हवं होतं ना... माझ्यावाचून काही अडू नये असं."

"कामाचं म्हणत होते मी." माझा आवाज चढला, आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून आणखी चढला. "माझ्या कुत्र्याचं तुझ्यावाचून अडत नाही. माझं अडतं."

लिफ्ट आली, उघडली, मिटली. त्याने हातातला खोका खाली ठेवला.

"हे तू भांडून सांगते आहेस," तो हळूच म्हणाला.

"मला असंच येतं."

"मग... रोज संध्याकाळी इकडे आलो तर चालेल?"

"रकाना हलवताना विचारलं होतंस?" मी अजून रागातच होते. "तसाच ये."