चारूताईच्या गाडीची पीयूसी

असोदा रोडवर माझं गॅरेज आहे आणि त्याला लागूनच पीयूसीचं मशीन. मे महिन्यातली दुपार होती. रस्त्यावर केळीचा एक ट्रकसुद्धा नव्हता. हितेंद्रने जुनी पेट्रोल गाडी आत घेतली, एसी बंद केला, काच उतरवली. शेजारी त्याची सासू, मंदाबाई.

"कौतिक, धुळ्यात गिऱ्हाईक थांबलंय. पीयूसी तेवढी दे. ही इंजिनची पिवळी बत्ती विझत नाही अन् गाडी कुठंच पास होत नाही."

"बघतो, दाजी."

"बघू नको रे. दुसऱ्या गाडीत नळी घाल, माझ्या नंबरचा फोटो काढ. बठ्ठे तेच करतात."

करतात. सगळेच करतात, मीही केलं असतं. पण मंदाबाई गाडीतून उतरत म्हणाल्या, "नाही. नीट तपास. मले पाह्यचं हाये."

गाडी त्यांच्या नावावर होती. विक्रीच्या कागदावर सही हवी तर पीयूसी कौतिककडूनच, ही त्यांची अट.

"मामी, गाडी शे, पेशंट नाही," हितेंद्र हसला आणि निंबाखालच्या बाजेवर जाऊन आडवा झाला. पारोळ्यापासून डोकं दुखतंय, म्हणाला.

पारोळ्यापासून.

त्याची बायको, चारूताई, तिथंच गेली होती. गेल्या उन्हाळ्यात, ढाब्यासमोर, याच गाडीत. डोकं दुखतं म्हणून ती एसी लावून झोपली. हा जेवायला गेला. परत आला तेव्हा... हार्ट, असं सगळे म्हणाले. शाळेपासून ती मला राखी बांधायची.

स्कॅनर लावला. बिघाड: कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरआधीचा धूर साफ करणारा डबा. पुढचा ऑक्सिजन सेन्सर ठीक. मागच्याला काहीच कळत नव्हतं. जणू धूर त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता.

इंजिन चालू ठेवून मशीनची नळी सायलेन्सरमध्ये खोचली.

कार्बन मोनॉक्साइड: शून्य.

नळी माझ्या मोटारसायकलला लावली. आकडा पळाला. परत गाडीला.

शून्य.

सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. गरम फुंकर लागायला हवी होती. हात आत ओढला गेला. हळू. मग थांबलं. मग पुन्हा. झोपलेलं माणूस श्वास घेतं तसं.

इंजिन बंद केलं. किल्ली मंदाबाईंच्या हातात दिली. पिवळी बत्ती जळतच राहिली.

नळी बाजेच्या उशाकडच्या कडेवर टाकली, गाडी जॅकवर चढवली आणि खाली सरकलो. कन्व्हर्टरच्या अलीकडचा पाइप कापून पुन्हा जोडलेला होता. बरोबर त्याच्यावर, केबिनच्या पत्र्याला, काजळीचा गोल डाग. डागाच्या मधोमध भोक, भोकाला रबरी बूच. बाकीची बुचं जुनी, तडकलेली. हे एकच नवं.

आपोआप असं होत नाही.

बाहेर आलो. मंदाबाई माझ्या तोंडाकडेच बघत होत्या.

"काकू, कोणीतरी धूर आत सोडला होता. या गॅसला वास नसतो. माणूस झोपतं, अन् ओठ..."

"लाल," त्या म्हणाल्या. "बाया म्हने, लाली लावेल हाये. माही चारू कधी लावेच ना."

तेवढ्यात मशीन वाजलं.

आकडा चढत होता.

इंजिन बंद. किल्ली मंदाबाईंच्या मुठीत. रस्ता रिकामा. नळीचं टोक लोंबत होतं ते हितेंद्रच्या तोंडापाशी.

नळी दूर धरली, आकडा उतरला. जवळ नेली, चढला. तो श्वास सोडायचा तेव्हा चढायचा.

दोन टक्के. चार.

निंबाखाली, चहूकडे मोकळी हवा असताना, त्याचे ओठ लाल होत चालले होते.

"दाजी! ओ दाजी!" मी त्याला हलवायला वाकलो. मंदाबाईंनी माझं मनगट धरलं.

"झोपू दे जवायाले. डोकं दुखतं म्हने."

म्हातारीचा हात. एका झटक्यात सुटला असता. मी झटका दिला नाही.

सहा.

आठ.

गाडीतली पिवळी बत्ती विझली.

आकडा घसरला. शून्य. नळी जिथं होती तिथंच होती, त्याच्या ओठांपाशी.

मंदाबाईंनी मनगट सोडलं.

"झाली का रे पास?"