दोनची कूस

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण माझ्या सासूबाई खोटं बोलत नाहीत. तेवढी हौसच नाही त्यांना.

गोष्ट त्यांच्या चाळिशीतली. भरदुपारची.

त्या घरोघरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करायच्या. एका बंगल्यातल्या बाईसाहेबांचं अंग लुळं पडलेलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची.

हे काम सासूबाईंनी मुद्दाम मागून घेतलं होतं. त्या चार वर्षांच्या असताना आईने त्यांना अनाथाश्रमाच्या पायरीवर बसवलं आणि याच बंगल्यात तान्ह्या बाईसाहेबांची दाई म्हणून नोकरी धरली. मालकांची अट होती, स्वतःचं पोर सोबत नको. पुढे आई मेलीही इथेच.

सासूबाईंना एकच विचारायचं होतं.

"तुमची दाई... तिच्या मुलीबद्दल कधी बोलायची का हो?"

बाईसाहेब हसल्या. "दाईला कुठली मुलगी? मीच तिचं सगळं."

सासूबाई खाली आल्या. स्वयंपाकघरात बसून रडल्या आणि दोनची कूस राहून गेली. आठवताच धावत वर गेल्या...

बाईसाहेब डाव्या कुशीवर होत्या.

गुडघ्यांमध्ये उशी. चादरीला सुरकुती नाही.

घरात तिसरं माणूस नव्हतं.

"दाई येऊन गेली," बाईसाहेब झोपेतच पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता सासूबाईंनी मुद्दाम हात लावला नाही. पडद्याआड उभ्या राहिल्या.

पावलं वाजली नाहीत... पण चादर सरकली. बाईसाहेबांच्या कपाळावरचे केस कोणीतरी हळूच मागे सारले.

सासूबाईंना राहवलं नाही. "आई, मी आलेय गं..."

आवाज अगदी कानाशी आला.

"हळू गं मेले! बाळ झोपलंय. आणि तू मागच्या दाराने येत जा."

बाईसाहेब जाईपर्यंत, सात वर्षं, सासूबाईंनी ती नोकरी सोडली नाही. दोनची कूस मात्र एकदाही बदलली नाही.

आता सासूबाई स्वतःच अंथरुणाला खिळल्यात. कूस मी बदलते. दोन वाजता फिरकायचं नाही, अशी मला सक्त ताकीद आहे. अडीचला जाते तेव्हा त्या तशाच पडलेल्या असतात, डोळे दाराकडे. पाठीला जखम झालीय, तरी ऐकत नाहीत.

काल मी हात जोडले. "आई, कोणी येत नाही हो. पुरे करा आता."

"येईल," त्या म्हणाल्या. "बाईसाहेबांना झोपवून येईल."

आत्ता दोन वाजून दहा मिनिटं झालीत. मी जिन्यात बसलेय. खोलीतून काहीच आवाज नाही...