विषयपत्रिकेवर नसलेला प्रश्न

"अहो, जरा हळू बोला ना! मला दोनच हात आहेत!"

सगळं सभागृह वळून तिच्याकडे बघायला लागलं. तिचं तिलाच कसंतरी झालं. सहा वर्षं ती शाळा समितीच्या जाहीर सभांना दुभाषी म्हणून उभी राहत होती, पण स्वतःचं वाक्य आजवर एकदाही बोलली नव्हती. मंचाच्या कडेला एका लाकडी स्टुलावर उभं राहायचं, बोलणाऱ्याचा शब्द न् शब्द खुणांच्या भाषेत पुढच्या रांगेतल्या ऐकू न येणाऱ्या पालकांना सांगायचा, आणि त्यांनी हातांनी काही म्हटलं की ते माइकवर मोठ्यांदा बोलायचं... बस्स.

पण हा नवा सभासद म्हणजे कहर होता. नुकताच निवडून आलेला. बाजारात चष्म्याचं दुकान, म्हणून सगळे चष्मेवालाच म्हणायचे. शाळेच्या गळक्या छताबद्दल असा काही सुटला होता की श्वास घ्यायचंही नाव नाही.

"माफ करा," तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघतच राहिला. मग इतकं हळू बोलायला लागला की पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या आईने हातांनी विचारलं, "याची किल्ली संपली का?"

तेही तिला माइकवर बोलावं लागलं. नियम म्हणजे नियम. सभागृहात हशा पिकला, आणि सगळ्यात मोठ्यांदा तोच हसला.

सभा सुटल्यावर तो फाटकापाशी थांबलेला दिसला.

"किल्लीवाल्या बाई तुमच्या कोण?"

"आई. पण ते ती म्हणाली हं. मी फक्त आवाज दिला."

"आणि तुमचं मत?"

"दुभाषीला मत नसतं."

"अरेरे... मग तुमच्याशी भांडायचं झालं तर कुणाशी भांडायचं?"

ती हसली नाही. म्हणजे, त्याच्यासमोर हसली नाही. वळणापर्यंत कसंबसं दाबून धरलं.

पुढच्या मंगळवारी आईच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला. त्याच्या पुढच्या मंगळवारी स्क्रू चांगला घट्ट होता, तरी ती दुकानात गेली. मग मंगळवारचा चहा ठरूनच गेला. काचेच्या टेबलावर दोन कप, आणि समोर त्याची खुणांची शिकवणी. त्याची बोटं बारीक कामाला सरावलेली होती, खुणा पटपट उचलायची.

"'यथावकाश योग्य तो निर्णय घेण्यात येईल', हे कसं सांगता हो?" एकदा त्याने विचारलं. "आमचे अध्यक्ष दर सभेत म्हणतात."

"तेच तर सगळ्यात अवघड. मी हात हलवते, आणि समोरचे लगेच विचारतात, कोण घेणार? कधी? कोणता?"

तो हळूच म्हणाला, "म्हणजे तुमच्यासमोर गोलगोल बोलायची सोयच नाही."

"माझ्यासमोर बोला की. फक्त सभेत नको."

त्याचे कान लाल झाले. ती चहात बघत राहिली.

त्याच महिन्यात पत्रक निघालं. ऐकू न येणाऱ्या मुलांचा वर्ग शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इमारतीत हलवण्याचा विचार आहे, पालकांनी जाहीर सभेत आपलं मत मांडावं. आई अस्वस्थ झाली. ती त्याच वर्गात शिकली होती, आणि आता तिथल्या मुलांना शिवणकाम शिकवायला जात होती.

सभेआधीच्या मंगळवारी चष्मेवाला एकच काच तीनदा पुसत होता.

"काय झालं?"

"काही नाही... म्हणजे..."

"बोला ना."

"राहू दे."

याला काय बोलायचं असेल, याचा तिने आपल्या मनाने अंदाज बांधला, आणि तो फारच गोड होता. सभेच्या दिवशी हात नीट दिसावेत म्हणून ती नेहमी साधा काळा कुर्ताच घालायची. पण त्या दिवशी दोन काळ्या कुर्त्यांतला कुठला घालायचा, यात तिची अर्धी सकाळ गेली.

सभागृह खचाखच भरलं होतं. चष्मेवाला उठला, आणि तिला झेपेल इतक्या बेताने बोलू लागला.

"तुम्हाला मत मांडायला बोलावलंय. पण खरं सांगतो, निर्णय कधीच झालाय. गेल्या सोमवारी, अध्यक्षांच्या दिवाणखान्यात. नऊ सभासद, नऊ हात वर. त्यातला एक हात माझा."

खुणांत 'मी' म्हणजे बोट आपल्या छातीवर. तिने ते टेकवलं आणि सांगितलं, मी हात वर केला. समोर आई बघत होती. सोमवार... म्हणजे मंगळवारी चहा पिताना याला सगळं ठाऊक होतं! हात मात्र चालूच राहिले.

"तो वर्ग मी पाहिलेला नव्हता. कागदावर 'सोयीची इमारत' लिहिलं होतं, मी मान डोलावली. परवा त्या इमारतीपर्यंत स्वतः जाऊन आलो. दोन बस, दीड तास. कंडक्टर थांब्याचं नाव ओरडतो, ते या मुलांना ऐकू येणार नाही. चूक झाली. मी माझा हात खाली घेतो."

एकच गलका उडाला. अध्यक्षांनी टेबल वाजवलं. ते वकील होते, नेम धरून बोलायचे.

"सभासदांचं मन अचानक कसं पालटलं? दर मंगळवारी त्यांच्या दुकानात चहाला कोण येतं, हे अख्ख्या बाजाराला माहीत आहे." आणि त्यांनी स्टुलाकडे नजर टाकली.

तिचे गाल पेटले. तरी तिने तेही सांगितलं, शब्दन्‌शब्द.

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुन्हा घातला.

"मत बदललं ते बसमुळे. आणि दुसरं विचाराल तर... हो. त्या मला आवडतात. खूप. पण त्यांना मी अजून विचारलेलं नाही. सोमवारची गोष्ट त्यांच्यापासूनही लपवली, त्यामुळे विचारायला तोंड उरलेलं नाही. त्यांना यात ओढू नका."

आता आली का पंचाईत! 'मी' म्हणायचं तर बोट स्वतःच्या छातीवर, आणि 'त्या' म्हणायचं तरी बोट स्वतःच्याच छातीवर. दोनदा चुकली. शेवटी तिने सांगून टाकलं, मला ही दुभाषी आवडते.

आईने हात वर केला.

"बोला," अध्यक्ष सवयीने म्हणाले.

आईचे हात सावकाश हलले. मुलीने माइकवर सांगितलं, "बाईंचा प्रश्न आहे... दुभाषीचं काय म्हणणं आहे?"

"हा प्रश्न विषयपत्रिकेवर नाही!" अध्यक्ष ओरडले, पण हशात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

ती स्टुलावरून खाली उतरली.

"हे माझं स्वतःचं," ती तोंडाने आणि हातांनी एकदमच म्हणाली. "दुभाषी रागावली आहे. समोर बसून गप्प राहिलात, त्याचा राग आहे. आज बोललात, त्याचा नाही." आणि पुन्हा स्टुलावर चढली. "चालू द्या."

त्यानंतर पालकांनी समितीला सुखाने बसू दिलं नाही. जाहीर सभेत, सगळ्यांदेखत पुन्हा मतं घ्यावी लागली, आणि पाच विरुद्ध चार मतांनी वर्ग जागेवर राहिला. चष्मेवाल्याला छतदुरुस्तीच्या उपसमितीतून काढून टाकलं, अध्यक्ष त्याच्याशी बोलेनासे झाले.

ती तीन मंगळवार गेली नाही. चौथ्या मंगळवारी आईने विचारलं, "चष्मा मोडून देऊ का?"

दुकानात तो एकटाच होता. तिला पाहून त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. दोघंही शोधायला वाकली. सापडला नाही, पण कुणी उठायची घाईही केली नाही.

"राग उतरला?" त्याने टेबलाखालूनच विचारलं.

"अर्धा."

"आणि... उरलेला?"

"तो आयुष्यभर पुरवून वापरणार आहे. तुमच्यावर."

तिला हसू आलं, आणि या वेळी तिने ते दाबलं नाही.

"समजलं का? की खुणांनी सांगू?"

"समजलं," तो म्हणाला. "तरी सांगा."

तिने सांगितलं.