उभ्यानं लिहिलेली कादंबरी

कागदाच्या कडेला पिठाचं बोट.

शिशाच्या खिळ्यांवर उलटी अक्षरं.

यंत्राच्या खडखडाटात एक खोकला.

एक लाकडी स्टूल.

ती लिहायची स्वयंपाकघरात, कपाटावर कागद ठेवून, उभ्यानं. बसली की वहिनी म्हणायच्या, "रिकाम्याच आहात ना वन्सं?" मासिकात छापून यायचं ते दादाच्या नावानं. बाईचं कोण वाचणार, असं दादाच म्हणायचा; हारतुरेही तोच घ्यायचा.

दादा तापानं झोपला, तेव्हा कादंबरीचं पुढचं प्रकरण घेऊन तीच छापखान्यात गेली. पावसानं चिंब. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यानं पानं चाळली.

"तुमचे दादा कणीक फार मळतात वाटतं..."

"का?"

"पानापानावर पीठ!"

ती लाजली नाही, घाबरली. "कुणाला सांगू नका."

"नाही सांगत. पण यापुढे तुम्हीच यायचं... कबूल?"

मग तीच येऊ लागली. तो खोकला की ती पाण्याचा पेला पुढे करायची. बोटांना बोटं लागायची — त्याची शाई, तिचं पीठ.

शेवटच्या प्रकरणात नायिका विहिरीत उडी घेत होती. त्यानं पानं खाली ठेवली.

"हे मी जुळवणार नाही."

"संपादकांना असाच शेवट हवाय. दादालाही."

"आणि हिला?"

"हिला..." तिनं पानांवरचं पीठ झटकलं. "हिला कुठंतरी बसायचंय हो. एवढंच."

त्यानं बोटांची शाई पुसली. "माझी एक खोली आहे. टेबल डुगडुगतं. छातीत शिसं भरलंय, डॉक्टरांनी हात टेकलेत... फार दिवसांची सोबत नाही. तरी — येशील?"

"अहो-जाहो सोडलंत?"

"मरणाऱ्याला तेवढी सूट द्यावी."

"आधी शेवट बदलते," ती डोळे पुसत म्हणाली, "मग येते."

नायिका जगली. त्या प्रकरणावर त्यानं दादाचं नाव काढून तिचं जुळवलं. संपादकांच्या लक्षात आलं तेव्हा अंक घरोघर पोचला होता. त्याची नोकरी गेली. दादाचं दार तिला कायमचं बंद झालं.

दुसरी कादंबरी तिनं त्या डुगडुगत्या टेबलाशी बसून लिहिली. ती जुळवायला तो नव्हता.

पहिल्या दिवशी, ती भिजून छापखान्याच्या दारात उभी असताना, त्यानं आपलं स्टूल तिच्याकडे सरकवलं होतं आणि ती जाईपर्यंत उभ्यानं काम केलं होतं.