कुसळझडप

चार बोटं.

दुपारी एक वाजता प्रणिता भोयरने वाळ्याची लहान ताटी बादलीत बुडवली, निथळली आणि भिंतीतल्या झडपेसमोर उभी केली. थोड्या वेळात झडप चार बोटं उघडली. भुयारातला गार वारा खोलीत शिरला. अडुसष्ट वर्षांच्या प्रणिताने डोळे मिटले. बाहेर सत्तेचाळीस अंश होतं. घरात ती एकटी होती. झडपेच्या मते चौघं.

झडप तिनेच शोधून काढली होती. वरोऱ्याजवळच्या या वसाहतीत साठ घरांना मिळून एक वातमनोरा. उंचावरचा वारा त्यात शिरतो, जमिनीखालच्या ओल्या गोट्यांवरून जाताना गार होतो आणि घराघरांत येतो. वीज लागत नाही. पण वारा मोजकाच. तो वाटायचा कसा? उत्तर तिला माळरानावर मिळालं, सलवारीत रुतलेल्या कुसळात. ओल लागली की कुसळाचा पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. तिने बांबूच्या पातळ पट्ट्या तशाच पिळून झडप केली. माणसांच्या श्वासातली ओल लागली की ती उघडते. माणशी एक बोट.

तेव्हा तिच्या घरात पाच माणसं होती. नियम फार न्यायाचा वाटला होता.

मग सासू गेली, नवरा गेला. मुलगी लडाखला, मुलगा समुद्रावरच्या तरंगत्या शहरात. नियम तेवढा इथे राहिला.

तीन वाजता मंगला कुमरे वसाहतीच्या रोजच्या फेरीला आली. प्रत्येक घराबाहेर झडपेला जोडलेला लाकडी काटा असतो. काटा शून्यावर आणि दाराला कुलूप नाही, तर मंगलाने दार ठोठावायचं. उघडलं नाही तर तोडायचं. असा वसाहतीचा ठराव.

"काकू, चार बोटं दाखवून राहिलं तुमचं," ती खिडकीतून म्हणाली. "आजही पाहुणे का जी?"

"आले ना. झोपलेत."

"मग नाही थांबत चहाला."

पावलं लांब गेली.

तीन बोटं.

हे भिंतीपलीकडच्या अरुण टेंभुर्ण्यांच्या काट्यावर. निवृत्त बस कंडक्टर, तेही एकटेच. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी भिंतीवरून विचारलं होतं, "मॅडम, तुमच्याकडे रोज गर्दी कशी काय?"

तिने खरं ते सांगितलं. वर युक्तीही दिली: झडपेखाली माठ ठेवा, त्यात पंचा सोडा, दुसरं टोक झडपेपाशी बांधा. पाणी आपलं आपण वर चढतं. माठ भरला की आठवडाभर बघायला नको.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आरोळी आली. "दोघं आले बाप्पा माझ्याकडे! पत्ते खेळून राहिले. एकानंही तिकीट नाही काढलं!"

तेव्हापासून रोज सकाळी ती हाक. आज कोण आलं, कोण रुसलं.

या मंगळवारी हाक आली नाही. बुधवारीही नाही. प्रणिता बाहेर जाऊन त्यांचा काटा बघून आली. तीन बोटं. खरेच कोणी आले असतील, असं तिला वाटलं. तिला! तिघांत आपण कशाला मधे, म्हणून ती परत फिरली.

शुक्रवारी वास आला.

शून्य.

झडप नव्हे, मंगलाचा चेहरा. दार तोडून झालं होतं, माणसं टेंभुर्ण्यांना घेऊन गेली होती. ती प्रणिताच्या उंबऱ्यावर बसली होती.

"चार दिवस मी समोरून गेली, काकू. काट्याकडे पाहून पुढे गेली. डॉक्टर म्हणे, मंगळवारी पडले असतील. बुधवारपर्यंत जिवंत असतील."

"माठ मी शिकवला त्यांना."

मंगलाने वर पाहिलं. मग खोलीतल्या ताटीकडे.

"म्हणजे तुमचे पाहुणे..."

"हो."

"मी चहा सोडून जायची जी!" तिचा आवाज चिरकला. "आता अशी झडप करा, जिला कोणी फसवू नाही शकणार."

"तशी केली तर एकट्या माणसाला बोटभर वारा. सत्तेचाळीस अंशांत."

"अन् नाही केली तर?"



एक बोट.

शनिवारी तिने ताटी बाहेर टाकली. काटा उतरला. खोली तापत गेली, घसा सुकला. तीन वाजता मंगलाची पावलं आली, काट्यापाशी थांबली आणि पुढे गेली. तिचं चुकलं नव्हतं. आत कोणीतरी श्वास घेतंय, एवढंच काटा सांगतो. ठोठावायचं ते शून्याला.

प्रणिता उठली. डोक्यावर ओला पंचा बांधला आणि रिकाम्या, पांढऱ्याफटक गल्लीत उतरली. अकरा नंबरच्या घरावर पाच बोटं. ती दाराला कान लावून उभी राहिली. भांडं वाजलं नाही, लेकरू रडलं नाही, कोणी खोकलं नाही. पाच माणसं इतकी गप्प झोपतात? की आत एखादं भिजलेलं फडकं आहे? वीस वर्षं ती या गल्लीत राहत होती. अकरा नंबरात कोण राहतं, ते तिला ठाऊक नव्हतं.

तिने कडी वाजवली. पुन्हा वाजवली.

बऱ्याच वेळाने आतून पाय ओढत कोणीतरी आलं. दार उघडलं नाही. फटीतून एका बाईचा, फार दिवस न वापरलेला आवाज आला.

"कोणाकडे आलात जी?"